अपघातातला रुग्ण आणि मोडलेलं हाड: पहिल्या मिनिटापासून दुसऱ्या दिवसापर्यंत काय पाहावं, काय करावं

अपघातातला रुग्ण स्ट्रेचरवरून आत येतो तेव्हा सगळ्यांच्या नजरा एकाच जागी खिळतात: वाकडा झालेला पाय, कातडी फाडून बाहेर डोकावणारं हाड. नातेवाईक तेच दाखवतात, रुग्ण तिथेच हात नेऊन ओरडतो आणि कॅज्युअल्टीतला नवा डॉक्टरही नकळत तिथेच वाकतो. त्या पायामुळे पुढच्या दहा मिनिटांत रुग्ण दगावण्याची शक्यता मात्र फार कमी असते. तो दगावतो अडलेल्या श्वासामुळे, छातीत कोंडलेल्या हवेमुळे, पोटात किंवा कटिभागात साचत चाललेल्या रक्तामुळे. यातलं जवळजवळ काहीच बाहेरून दिसत नाही. म्हणून हाडांचा डॉक्टर असूनही मी शिकाऊ डॉक्टरांना पहिली गोष्ट सांगतो ती ही, की हाडाकडे सगळ्यात शेवटी या. आणि हाडाकडे आलात की आधी हाड पाहू नका, त्याच्या खालचा रक्तपुरवठा पाहा.

हा लेख इंटर्न, कॅज्युअल्टीत ड्युटी करणारे डॉक्टर, सिस्टर आणि रुग्णवाहिकेतले सहकारी यांच्यासाठी आहे. औषधांची मात्रा वेगळं सांगितलं नसेल तर प्रौढांची आहे. तुमच्या रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल वेगळा असेल तर तो पाळा.

ठरलेला क्रम का

आज जगभर जो क्रम शिकवला जातो त्याची सुरुवात एका अपघातातच झाली. फेब्रुवारी 1976 मध्ये जेम्स स्टायनर हे अस्थिशल्यचिकित्सक स्वतः चालवत असलेलं छोटं विमान अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात मुलांवर जे उपचार झाले त्यात काही पद्धतच नव्हती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यातून 1978 मध्ये एटीएलएस (ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) या प्रशिक्षणाचा पहिला वर्ग झाला आणि 1980 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. त्यामागचा विचार साधा आहे: जे आधी मारतं ते आधी शोधायचं, सापडलं की तिथेच उपचार करायचा, मगच पुढच्या पायरीवर जायचं. निदान पूर्ण होण्याची वाट पाहत बसायचं नाही.

हा क्रम ए, बी, सी, डी, ई या अक्षरांनी ओळखला जातो. आता त्याच्याही आधी एक पायरी येते, ती म्हणजे डोळ्यांदेखत वाहून जाणारं रक्त.

पायरी शून्य: वाहतं रक्त थांबवा

जखमेतून रक्ताची धार लागली असेल किंवा चादर बघता बघता भिजत असेल तर श्वासनलिकेकडे जाण्याआधी हे थांबवायचं. हातमोजे घाला, घडी केलेला गॉज थेट रक्त येणाऱ्या जागी ठेवा आणि हाताचा सगळा भार टाकून दाबा. वरून भलामोठा पट्टा गुंडाळण्याने फक्त रक्त दिसेनासं होतं, थांबत नाही. जखम खोल असेल तर गॉज आत तळापर्यंत ठासून भरा आणि मग दाबा.

एवढ्याने भागलं नाही आणि जखम हातापायाला असेल तर टूर्निके, म्हणजे रक्तप्रवाह बंद करणारा आवळपट्टा. जखमेच्या 5 ते 7 सेंमी वर, सांध्यावर येणार नाही असं बांधा. रक्त थांबेपर्यंत आणि खालची नाडी लागेनाशी होईपर्यंत आवळा. अर्धवट आवळलेलं टूर्निके न बांधण्यापेक्षा वाईट: शिरा बंद होतात, धमनी चालू राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो. बांधल्याची वेळ ठळक दिसेल अशी लिहा. अधूनमधून सैल करण्याची जुनी सवय सोडून द्या, प्रत्येक वेळी रुग्ण आणखी रक्त गमावतो. साधारण दोन तासांच्या आत रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर असला पाहिजे, हे डोक्यात ठेवून पुढची धावपळ करा.

ए आणि बी: श्वासाचा मार्ग आणि छाती

रुग्णाला नाव विचारा. स्पष्ट आवाजात, सुसंगत उत्तर आलं तर श्वासमार्ग मोकळा आहे, छाती बऱ्यापैकी चालते आहे आणि मेंदूला रक्त पोचतं आहे, असं एका प्रश्नात कळतं. घोरल्यासारखा किंवा गुरगुरल्यासारखा आवाज आला तर मार्ग अडतो आहे. सक्शन करा, जबडा दोन्ही हातांनी पुढे उचला, मान मागे वाकवू नका. मानेच्या मणक्याला इजा आहे असंच धरून चालायचं आणि ती नाही हे सिद्ध होईपर्यंत मान स्थिर ठेवायची. ग्लासगो कोमा स्केलवर (शुद्धी मोजणारी गुणपट्टी) 8 किंवा त्याहून कमी गुण असतील तर श्वासनलिकेत नळी टाकायची तयारी करा, भूलतज्ज्ञांना आत्ताच बोलवा.

मग छाती उघडी करा. दोन्ही बाजू सारख्या हलतात का पाहा, श्वास मोजा, स्टेथोस्कोप लावा. एका बाजूने हवा जात नाही, रुग्णाला धाप लागली आहे आणि बीपी पडतं आहे, असं दिसलं तर छातीत दाबाखाली हवा कोंडली आहे. हे निदान एक्स-रेवर करायचं नसतं, फिल्म येईपर्यंत रुग्ण हातचा जातो. प्रौढांमध्ये पाचव्या बरगडीच्या फटीत, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, सुई किंवा बोटाने मार्ग करून हवा सोडा आणि लगेच छातीत नळी टाका.

सी: रक्त कुठे गेलं?

इथे जरा थांबतो, कारण हाडांच्या दुखापतीचा जिवाशी संबंध सगळ्यात जास्त याच पायरीवर येतो.

सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. बंद फ्रॅक्चरमध्ये, म्हणजे कातडीवर ओरखडाही नसताना, मांडीच्या हाडाभोवती दीड लिटरपर्यंत रक्त साचू शकतं. नडगीच्या किंवा दंडाच्या हाडाभोवती 750 मिलीपर्यंत. कटिभागाची, म्हणजे पेल्व्हिसची हाडं उघडली तर तिथे किती साचेल याला धरबंध नाही. दोन्ही मांड्या मोडलेला रुग्ण म्हणजे तीन लिटर रक्त जागच्या जागी हरवलेला रुग्ण असू शकतो. त्याच्या चादरीवर रक्ताचा थेंबही नसेल.

रक्त जाण्याच्या जागा पाचच: छाती, पोट, पेल्व्हिस, लांब हाडं आणि अपघाताची जागा. दर वेळी पाचही जागांचा हिशेब लावा. छाती आणि पेल्व्हिसचा एक्स-रे आणि पोट-छातीची खाटेवरच केलेली झटपट सोनोग्राफी एवढ्यात बहुतेक हिशेब लागतो. पहिल्या फेरीत यापलीकडे एक्स-रे नकोत. घोटा, मनगट, खांदा हे सगळं नंतर. आणि बीपी सावरत नसलेल्या रुग्णाला सीटी स्कॅनच्या खोलीत पाठवू नका. तिथे काही बिनसलं तर हाताशी काहीच नसतं.

बीपीवर विसंबण्याची चूक अनुभवी माणसांकडूनही होते. धडधाकट तरुणाचं सुमारे 30 टक्के रक्त जाईपर्यंत वरचं बीपी जवळजवळ नॉर्मल राहू शकतं. त्याआधी बोलू लागतात ती वेगळी चिन्हं: नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, नखावर दाबून सोडलं तर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो, खालचं बीपी वर सरकल्याने दोन आकड्यांतलं अंतर घटतं, रुग्ण अस्वस्थ होतो, अंगावरची चादर फेकू लागतो. मघापर्यंत ओरडणारा रुग्ण अचानक शांत झाला तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका, आधी त्याची नाडी पाहा. वयस्कर रुग्णात उलटा पेच असतो. नाडी मंद ठेवणारी बीटा-ब्लॉकरची गोळी चालू असेल तर नाडी वाढतच नाही. पासष्टीच्या पुढे वरचं बीपी 110 च्या खाली आलं तरी तो शॉक, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडणं, समजूनच वागा.

आता करायचं काय? दोन जाड आयव्ही लाईन, रक्तगट आणि क्रॉसमॅचसाठी नमुना, आणि रक्तपेढीला फोन. सलाईन कोमट करून द्या आणि एक लिटरच्या पुढे जाताना हात आखडता घ्या. बाटल्यांमागून बाटल्या सोडल्या की बीपीचा आकडा चढतो खरा, पण उरलेलं रक्त पातळ होतं, अंग गार पडतं आणि नुकती बसलेली गुठळी सुटते. थंड अंग, रक्तातली वाढलेली आम्लता आणि न गोठणारं रक्त या तीन गोष्टी एकमेकींना वाढवत नेतात. म्हणून मोठ्या रक्तस्रावात लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट सारख्या प्रमाणात द्यायच्या. रक्ताच्या पिशव्यांमधलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं, तेव्हा कॅल्शियम द्यायचं विसरू नका. रक्तस्राव आटोक्यात येईपर्यंत वरचं बीपी 80 ते 90 असलं तरी चालतं. डोक्याला मार असेल तर मात्र ही सवलत नाही, तिथे 110 च्या आसपास ठेवा.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे गुठळी विरघळू न देणारं औषध स्वस्त आहे, साठवायला सोपं आहे आणि त्याचा उपयोग ठाम सिद्ध झाला आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-2 या अभ्यासात 40 देशांतले वीस हजारांहून जास्त रुग्ण होते. औषध मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण 14.5 टक्के, न मिळालेल्यांत 16 टक्के. एक ग्रॅम दहा मिनिटांत, मग एक ग्रॅम पुढच्या आठ तासांत. अट वेळेची आहे: दुखापतीपासून तीन तासांच्या आत, आणि त्यातही पहिल्या तासात सुरू झालं तर उत्तम. तीन तास उलटल्यावर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढलेले दिसले. त्यामुळे अपघात नेमका किती वाजता झाला हे विचारून केसपेपरवर लिहा.

पेल्व्हिसबद्दल दोन सूचना. एक, दोन्ही बाजूंनी दाबून-फाकवून ‘हलतंय का’ बघू नका. त्यातून कळत फारसं नाही आणि बसलेली गुठळी सुटते. जोरदार धडक किंवा उंचावरून पडणं, कंबरेत दुखणं, बीपी कमी, एवढं असलं की बाइंडर (पेल्व्हिसभोवती आवळायचा रुंद पट्टा) लावून टाका. दोन, बाइंडरची जागा. घाईत तो पोटावर, कंबरेच्या कडांवर बांधलेला वारंवार सापडतो आणि तिथे तो काहीच कामाचा नसतो. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूस जो टणक उंचवटा हाताला लागतो, तो दोन्ही बाजूंना शोधा आणि पट्ट्याचा मध्य बरोबर त्यावर आणा. तयार बाइंडर नसेल तर चादरीची रुंद घडी त्याच पातळीवर बांधून आवळता येते. गुडघे जवळ आणून, पावलं आत वळवून बांधली की पकड आणखी चांगली बसते.

मांडीचं हाड मधोमध मोडलं असेल तर ओढून स्प्लिंट (हाड हलू न देणारा आधार) लावा. ट्रॅक्शनमुळे, म्हणजे या ओढीमुळे, हाड रेषेत येतं, दुखणं उतरतं आणि मांडीत रक्त साचायला जागाही कमी मिळते. थॉमस स्प्लिंट एकोणिसाव्या शतकातला आहे. पहिल्या महायुद्धात तो सर्रास वापरात आला आणि आजही त्याची गरज संपलेली नाही.

डी आणि ई: मेंदू-मज्जारज्जू, आणि सगळं अंग उघडून पाहणं

ग्लासगो स्केलचे गुण, डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या, रक्तातली साखर. त्याबरोबर चारही हातपाय हलतात का, हे भूल किंवा झोपेचं औषध देण्याआधी पाहून लिहा. एकदा नळी पडली की पाय आधी हलत होते की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. बीपी कमी, नाडीही मंद आणि अंग गरम असेल तर मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली असावी. पण त्या निष्कर्षावर येण्याआधी पाचही जागी रक्तस्राव नाही याची खात्री करा.

कपडे कापून काढा. चार जणांनी मिळून, एकाने डोकं-मान धरून आणि त्याच्याच आकड्यावर, रुग्णाला एका कुशीवर वळवा. पाठ, कंबर, पार्श्वभाग पाहा, मणक्यांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवा. मग लगेच झाका. उघड्या अंगाने एसीखाली पडलेला रुग्ण झपाट्याने गार पडतो.

पहिल्या फेरीत मध्येच काही बिघडलं तर पुन्हा सुरुवातीपासून सुरू करा.

दुसरी फेरी: डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत

रुग्ण स्थिर झाला की आता विचारपूस: कसली ॲलर्जी, कोणती औषधं चालू (रक्त पातळ करणारी गोळी मुद्दाम विचारा), आधीचे आजार, गरोदरपण, शेवटचं खाणंपिणं कधी, आणि अपघात नेमका कसा झाला. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून बऱ्याच दुखापती सापडतात. उंचावरून पायांवर पडलेल्याची टाच मोडली असेल तर कंबरेच्या मणक्याचा एक्स-रे काढायचाच. गाडीच्या डॅशबोर्डवर गुडघा आदळला असेल तर खुबा निखळलाय का पाहायचं. फीट किंवा विजेच्या धक्क्यानंतर खांदा दुखत असेल आणि हात बाहेर वळत नसेल तर खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो. समोरून काढलेल्या एकाच एक्स-रेवर ते सहज निसटतं.

प्रत्येक हातपाय तीन टप्प्यांत तपासा: पाहा, चाचपा, हलवून बघा. पाहताना सूज, वाकडेपणा, जखम, कातडीचा रंग. चाचपताना सांधा आणि हाडाची पूर्ण लांबी. फ्रॅक्चर उघड दिसत असेल तर ‘करकर वाजतंय का’ म्हणून हलवून बघण्याची गरज नाही, त्यात रुग्णाला फक्त यातना होतात.

त्यानंतर नाडी आणि नसा (मज्जातंतू). ‘खालचा भाग ठीक आहे’ असा मोघम शेरा केसपेपरवर मला चालत नाही. हातासाठी तीन हालचाली करून घ्या. अंगठा वर करायला सांगा, रेडिअल नस कळते. अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करायला सांगा, मीडियन नसेची आतली शाखा कळते. बोटं फाकवायला सांगा, अल्नर कळते. लहान मुलाबरोबर दगड, कागद, कात्री खेळा आणि शेवटी बोटांचा गोल करायला सांगा. दुखऱ्या हातानेही मूल खेळून दाखवतं आणि तुमची तपासणी होऊन जाते. पायासाठी अंगठा वर-खाली करून घ्या आणि अंगठा व शेजारचं बोट यांच्या बेचक्यात स्पर्श कळतो का पाहा. नाडी हाताला लागत नसेल तर डॉप्लर (रक्तप्रवाह टिपणारं यंत्र) लावा. हे सगळं वेळ टाकून लिहा आणि स्प्लिंट लावल्यावर, हाड ओढून बसवल्यावर, प्लास्टर केल्यावर पुन्हा पाहा. आधी चालणारी नस प्लास्टरनंतर बंद पडली तर ती तुमच्या हाताखाली बंद पडली आहे, आणि आधी लिहिलं नसेल तर ते कधीच कळणार नाही.

हाड सरळ करणं, आधार देणं, एक्स-रे

वेदनेचं औषध आधी. शिरेतून मॉर्फिन थोडं थोडं, परिणाम बघत द्या. खुब्याच्या किंवा मांडीच्या फ्रॅक्चरला जांघेतला नस-ब्लॉक फार छान काम करतो, वयस्कर रुग्णात तर मॉर्फिनची गरजच घटवतो. ‘सर्जन पोट तपासेपर्यंत वेदनाशामक नको’ हा समज जुना झाला, आता तो पाळायचं कारण नाही.

पाय फिरलेला आहे आणि नाडी लागत नाही, किंवा खालच्या हाडाने कातडी ताणून पांढरी पडली आहे, तर एक्स-रेसाठी थांबू नका. निखळलेला घोटा हे याचं नेहमीचं उदाहरण. त्या पांढऱ्या कातडीला रक्त मिळत नाही. फिल्मच्या रांगेत तासभर गेला तर तिथे फोड येतात, मग कातडी काळी पडते आणि दोन दिवसांत होणारी शस्त्रक्रिया दोन-तीन आठवडे लांबते. औषध द्या, हळूहळू सलग ओढ देत पाय रेषेत आणा, स्लॅब (एका बाजूने उघडं अर्धं प्लास्टर) लावा, नाडी पाहा, मग एक्स-रे.

स्प्लिंट फ्रॅक्चरच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरून लावा. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज चढायच्या आत काढा. पहिल्या काही दिवसांत गोल बंद प्लास्टर घालू नका, स्लॅब द्या. सुजेला जागा हवी.

एक्स-रेचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, सगळं दोन-दोन. दोन बाजूंनी, वरच्या-खालच्या दोन्ही सांध्यांसकट, आणि शंका असेल तर दोनदा. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो तिथे दाबल्यावर दुखत असेल आणि फिल्म साफ असेल तरी स्कॅफॉइड मोडल्याचं धरून आधार द्या, 10 ते 14 दिवसांनी पुन्हा फिल्म काढा. उलट प्रत्येक मुरगळलेल्या घोट्याला एक्स-रे लागतोच असंही नाही. 1992 मध्ये मांडलेले ओटावा नियम आजही चालतात: घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकाला, करंगळीच्या मागच्या हाडाच्या बुडाशी किंवा पावलाच्या आतल्या बाजूच्या नॅव्हिक्युलर हाडावर दाबल्यावर दुखत नसेल आणि रुग्ण चार पावलं टाकू शकत असेल, तर फिल्म टाळता येते.

जखम असलेलं फ्रॅक्चर

फ्रॅक्चरच्या आसपास कातडी फाटलेली दिसली की ते उघडं फ्रॅक्चर, हाड दिसो वा न दिसो. सगळ्यात महत्त्वाचं औषध म्हणजे अँटिबायोटिक, आणि ते तासाभरात शिरेतून गेलं पाहिजे. साधारणपणे सेफाझोलिन 2 ग्रॅम. जखम मोठी किंवा मळलेली असेल तर ग्राम-निगेटिव्ह जंतूंवरचं औषध सोबत. धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि आधीचं लसीकरण झालेलं नसेल किंवा माहीत नसेल तर इम्युनोग्लोब्युलिनही.

जखमेचा एक फोटो काढा, वरवरची माती आणि पानं-काडी काढा, सलाईनने भिजवलेला गॉज ठेवून झाका, हाड रेषेत आणून स्प्लिंट लावा. यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला फोटो दाखवा, पट्टी उघडू नका. कॅज्युअल्टीत जखमेत बोट घालून पाहणं किंवा पिचकारीने जोरात धुणं नको, घाण आणखी आत जाते. खरी सफाई ऑपरेशन थिएटरमध्ये. तिथेही भरपूर साधं सलाईन, कमी दाबाने, पुरेसं असतं. 2015 च्या एका मोठ्या अभ्यासात साबणाच्या द्रावणाने धुतलेल्यांना फायदा झालाच नाही, पुन्हा शस्त्रक्रिया मात्र जास्त लागल्या. सफाई साधारण 24 तासांच्या आत अनुभवी माणसाच्या हातून व्हावी. गटार, शेण किंवा साचलेल्या पाण्याची घाण असेल किंवा धमनी तुटली असेल तर लगेच.

गुस्टिलो-अँडरसनची वर्गवारी, म्हणजे एक सेंमीपेक्षा लहान जखम पहिला प्रकार, दहापर्यंत दुसरा, त्यापुढची किंवा चिरडलेली तिसरा, ही थिएटरमध्ये सफाई झाल्यावर ठरते. बाहेरून छोटं दिसणारं भोक आत भलतंच निघू शकतं.

दुखणं वाढत चाललं तर: कंपार्टमेंट सिंड्रोम

हा भाग मी सगळ्यांना दोनदा वाचायला सांगेन. नडगी मोडलेल्या तरुणाला संध्याकाळी स्लॅब लागला, नाडी छान होती. रात्री तो कळवळतो. सिस्टर फोन करतात, इंजेक्शन सांगितलं जातं. तासाभराने पुन्हा फोन. इथे दुसरं इंजेक्शन फोनवर सांगायचं नाही, उठून खाटेपाशी जायचं.

पायाचे स्नायू न ताणणाऱ्या पडद्यांच्या कप्प्यांत असतात. आत सूज आली की दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या दबतात. मोठ्या धमनीतला दाब याहून कितीतरी जास्त असल्याने पावलाची नाडी शेवटपर्यंत लागत राहते. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहिलेल्यांच्या रुग्णांचे पाय गेले आहेत. नाडी जाणं, पाय लुळा पडणं ही उशिराची चिन्हं आहेत.

लवकरचं चिन्ह दुखणं हेच. फ्रॅक्चरच्या मानाने अति, औषधाला न जुमानणारं, चढत जाणारं. पोटरी चाचपा, ती लाकडासारखी टणक लागते. मग पायाचा अंगठा धरून हळूच खाली वाकवा. फ्रॅक्चरची जागा तुम्ही हलवलेली नाही, अंगठ्याला काही झालेलं नाही, तरी रुग्ण नडगीच्या पुढच्या भागात जिवाच्या आकांताने ओरडतो. एवढं पुरे आहे. लहान मूल दुखणं नीट सांगू शकत नाही. ते बेचैन होतं, घाबरतं आणि त्याला वेदनाशामक वारंवार लागू लागतं.

पट्टी आणि स्लॅब पार कातडीपर्यंत कापा, आतला कापूस रक्ताने कडक झालेला असतो, तोही. पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा, उंच टांगू नका, उंच केल्याने रक्त आणखी कमी पोचतं. वरिष्ठांना बोलवा. बेशुद्ध रुग्णात किंवा शंका असेल तेव्हा कप्प्यातला दाब मोजता येतो. खालच्या बीपीतून तो वजा केल्यावर 30 किंवा त्याहून कमी उरलं तर पडदे उघडायचे. चिन्हं स्पष्ट असतील तर मोजण्यात वेळ घालवू नका. सहा तासांच्या आसपास स्नायू कायमचे मरू लागतात. मोकळं केल्यावर राहणारा व्रण आयुष्यभर दिसतो हे खरं. वेळ गेली तर जे राहतं ते त्याहून फार वाईट: आखडलेली बोटं, बधिर पाऊल, कधी पाय कापावा लागणं.

धमनीच्या इजेबद्दलही इथेच सांगतो. गुडघा निखळून आपोआप जागेवर बसलेला असू शकतो. एक्स-रे नॉर्मल, गुडघा सैल आणि सुजलेला. मागची पॉप्लिटिअल धमनी आतून फाटलेली असते. घोट्याचं बीपी हाताच्या बीपीच्या 0.9 पटीपेक्षा कमी आलं तर सीटी अँजिओग्राफी करा. ‘धमनी आकुंचन पावली असेल, सकाळी बघू’ असं म्हणू नका.

मुलं आणि वयस्कर

मुलांत हाडाच्या टोकाशी वाढीचा पट्टा असतो. एक्स-रेवर तो मोकळा दिसतो आणि तिथलं फ्रॅक्चर चकवतं. दाबून दुखणारी जागा त्या पट्ट्यावरच असेल तर मुरगळ समजून सोडू नका. कोपराच्या वरचं फ्रॅक्चर मुलांत नेहमी दिसतं आणि त्यात धमनी व नसांना धोका असतो. हात गुलाबी आहे पण नाडी नाही, अशा मुलाला त्याच रात्री थिएटर लागू शकतं.

अजून न चालणाऱ्या बाळाची मांडी मोडली असेल, बरगड्या मोडल्या असतील, वेगवेगळ्या वयाची फ्रॅक्चर दिसत असतील, सांगितलेली हकिगत जुळत नसेल किंवा दर वेळी बदलत असेल, तर कोणीतरी बाळाला इजा केली असण्याची शक्यता मनात आणा. आरोप करू नका, बाळाला दाखल करा, बालरोगतज्ज्ञांना बोलवा आणि कायद्याने सांगितलेल्या जागी कळवा. हे अवघड जातं. पण घरी परत पाठवलेलं बाळ पुढच्या वेळी जिवंत येईलच याची शाश्वती नसते.

आजी-आजोबा घरात घसरून पडले, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो, म्हणजे खुब्याचं हाड मोडलं. इथे थांबण्यात धोका जास्त: न्यूमोनिया, शय्याव्रण, पायात रक्ताची गुठळी. जमेल तितकं 36 ते 48 तासांत शस्त्रक्रिया व्हावी आणि दुसऱ्या दिवशी उभं करावं. ते मुळात पडले का, चक्कर आली की ठोके चुकले, हेही शोधा.

शस्त्रक्रिया कधी आणि किती

अनेक हाडं मोडलेल्या रुग्णाला सगळं एकदम जोडून टाकायचा मोह होतो. रक्तातलं लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) 4 च्या वर आहे, अंग गार आहे, रक्त गोठत नाही, अशा अवस्थेत लांबलेली शस्त्रक्रिया त्याला झेपत नाही. बाहेरून सळयांची फ्रेम लावून हाड तात्पुरतं धरा, रक्तस्राव थांबवा, आयसीयूत न्या. रॉड, प्लेट नंतर. याउलट रुग्ण सावरला असेल तर मांडीचं हाड पहिल्या 24 तासांत स्थिर करण्याचा फायदा मोठा आहे. लांबवलं तर चरबीचे कण फुप्फुसात जाण्याचा धोका राहतो: एक ते तीन दिवसांत धाप, गोंधळलेपण, काखेत आणि डोळ्याच्या पापणीआड बारीक लाल ठिपके. मांडी मोडलेला तरुण दुसऱ्या दिवशी असंबद्ध बोलू लागला तर आधी त्याचा ऑक्सिजन पाहा.

दुसऱ्या दिवशीची तपासणी आणि घरी पाठवताना

24 तासांच्या आत, रुग्ण शुद्धीवर आल्यावर, डोक्यापासून बोटांपर्यंत सगळं पुन्हा एकदा तपासा आणि सगळे एक्स-रे पुन्हा बघा. पावलाची आणि हाताची लहान हाडं, मांडीसोबत मोडलेली खुब्याची मान, गुडघ्याचे अस्थिबंध हे याच वेळी सापडतात. रुग्णाला पहिल्यांदा उभं केल्यावर ‘इथेही दुखतंय’ असं तो म्हणाला तर ते ऐका.

साधं फ्रॅक्चर असलेल्याला घरी पाठवताना सूचना तोंडी देऊन भागत नाही, कागदावर द्या. हात उशीवर छातीच्या पातळीला ठेवा, बोटं तासातासाला हलवा, प्लास्टर भिजू देऊ नका, आत काडी किंवा पट्टी घालून खाजवू नका. बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, हलेनाशी झाली, गोळी घेऊनही दुखणं वाढत गेलं, प्लास्टरमधून वास किंवा पाणी आलं, तर सकाळची वाट न पाहता निघा. त्याच कागदावर कॅज्युअल्टीचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर आणि पुढच्या एक्स-रेची तारीख लिहा. हाड बसवून प्लास्टर केलेलं असेल तर ती तारीख साधारण आठवड्याभराची द्या. हाड आतल्या आत सरकलं असेल तर तेव्हाच ते पुन्हा बसवता येतं, महिन्याने ते वाकडंच जुळलेलं असतं.